जाताच आहात तर

चैतालीने अट एकच घातली होती. कुणाला सांगायचं नाही.

आठवडाभर गाडी घेऊन जायचं. आधी सुरगाण्याकडचं जंगल, मग खाली उतरून समुद्र, आणि परत येताना भंडारदऱ्याचे डोंगर. दोघंच. तिसऱ्या माणसाला पत्ता लागता कामा नये, असं तिने बजावलं आणि बुद्धभूषणने मान डोलावली. मान डोलावणं हा त्याचा जन्मजात गुण होता. इंदिरानगरातल्या त्यांच्या सोसायटीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये किंवा नातेवाइकांत, त्याच्या तोंडून 'नाही' हा शब्द ऐकल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. त्यामुळे शाळेतली निवडणुकीची ड्यूटी कायम त्याची, स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या त्याच्या आणि सोसायटीच्या टाकीची सफाईही त्याच्याच देखरेखीखाली.

तो भूगोल शिकवायचा. कोकणची किनारपट्टी तो वर्षानुवर्षं नकाशावर छडीच्या टोकाने दाखवत आला होता. प्रत्यक्षात दोघांनी मिळून समुद्र पाहिला तो एकदाच, मुंबईला एका साखरपुड्याला जाताना, टॅक्सीच्या खिडकीतून, तोही सिग्नल सुटेपर्यंत. चैताली एका औषधांच्या दुकानात काम करायची आणि तिला एवढी मोठी सुट्टी पहिल्यांदाच मिळत होती. लेक वेदिका पुण्याला हॉस्टेलवर गेली होती. सेकंडहँड का होईना, दारात गाडी आली होती. आता नाही गेलो तर कधीच जाणार नाही, असं चैतालीला वाटत होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं.

पण रजा मागायची तर मुख्याध्यापकांना सांगणं भाग होतं. हिरामण सर स्वभावाने कडक. रजेचा अर्ज हातात आला की ते आधी चष्मा काढायचे, पुसायचे, मग कारण विचारायचे. या खेपेला त्यांनी कारण विचारलं, 'समुद्र' हा शब्द ऐकला आणि चष्मा न पुसताच सही केली. बुद्धभूषणला तेव्हाच संशय यायला हवा होता.

"समुद्राकडं जाताच आहात तर अलिबागला आमची मुलगी असते," सर म्हणाले. "तिकडच्या कांद्याला काही चव नाही हो. देवळ्याला आमच्या शेतात लाल कांदा निघालाय. दोन गोण्या तेवढ्या टाका गाडीत. माझा भाऊ भरून ठेवेल, तुम्ही फक्त उचलायच्या."

देवळा नाशिकच्या एका बाजूला आणि समुद्र बरोबर दुसऱ्या बाजूला, हे भूगोलाच्या शिक्षकाला माहीत नव्हतं असं नाही. पण सहीची शाई अजून ओली होती. बुद्धभूषणने मान डोलावली.

रविवारी तो देवळ्याला गेला आणि गोण्या घेऊन आला. दोनच गोण्या, त्यासुद्धा मागच्या डिकीत, असं म्हणून चैतालीने मनाची समजूत घातली. पण डिकी पूर्ण लागत नव्हती आणि कांद्याचा वास सोसायटीच्या पार्किंगभर पसरला होता. तळमजल्यावरच्या लताताई त्या वासाच्या मागोमाग बाहेर आल्या आणि गाडी कुठे निघाली, ते विचारू लागल्या. बुद्धभूषणला खोटं बोलणं जमत नव्हतं. तेही त्याला 'नाही' म्हणण्यासारखंच अवघड वाटायचं. त्याने अर्धवटच सांगितलं, पण तेवढ्यात डहाणूचं नाव निघून गेलं.

लताताईंचा भाऊ डहाणूच्या अलीकडे बोईसरला राहत होता. त्याची शिलाई मशीन, पायाने चालवायची, कित्येक वर्षं त्यांच्या बाल्कनीत पडून होती.

"जागा अजिबात घेत नाही," लताताई म्हणाल्या. "तिचे पाय सुटे होतात."

पाय सुटे होत होते हे खरं, पण ते लोखंडी होते आणि सुटे झाल्यावर एका मशीनच्या दोन अवजड वस्तू होत होत्या. त्या बघून बुद्धभूषणच्या लक्षात आलं की आता टपावर कॅरिअर लावल्याशिवाय इलाज नाही. कॅरिअर सातपूरला आतेभावाकडे धूळ खात पडलं होतं. ते आणायला तो गेला तेव्हा आतेभाऊ कामावर होता आणि घरात ठमाबाई आत्या एकट्याच गोधडीला टाके घालत बसल्या होत्या.

"जय भीम आत्या," म्हणून त्याने कॅरिअरचं विचारलं. आत्यांनी सुई गोधडीत खोचली आणि कॅरिअर कशाला हवं, ते विचारलं. थोड्या वेळाने बुद्धभूषण घरी परतला तेव्हा त्याने कॅरिअर आणलं होतं आणि आत्यांना डहाणूला लेकीकडे सोडायचं कबूल केलं होतं.

"योगिनीला बघून लय दिवस झाले म्हणे," त्याने चैतालीला सांगितलं. "तिच्याकडे उतरवायचं, बस. पुढे आपण दोघंच."

"सुरगाण्याला दोन दिवस त्या आपल्याबरोबर राहणार?"

इथे बुद्धभूषण थोडा घुटमळला. आत्यांना घाटाची वळणं सोसत नव्हती. पोटात ढवळायचं. म्हणून सुरगाण्याचा रस्ता सोडून हायवेनेच जावं, असं त्यांचं म्हणणं पडलं होतं. हायवेला एक कसारा घाट तेवढा होता, आणि तो डोळे मिटून काढीन, असं त्यांनी कबूल केलं होतं.

"म्हणजे जंगल गेलं," चैताली म्हणाली.

"जंगल कुठं जातंय? ते तिथंच आहे. आपण फक्त दुसऱ्या रस्त्याने जातोय."

चैतालीने त्याच्याकडे बघितलं आणि बॅग भरायला घेतली. मग तिच्या लक्षात आलं की डहाणू एका टोकाला आणि अलिबाग दुसऱ्या टोकाला. आत्यांना पोचवायचं, मशीन पोचवायची, कांदे पोचवायचे, आणि सरांच्या मुलीने जेवायला थांबवलं तर थांबायचं. यात डोंगर कुठे बसतात, ते तिने विचारलं. बुद्धभूषणने पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याचा उल्लेख केला. शिवाय गॅरेजवाल्याने बजावलं होतं की एवढं वजन घेऊन ही गाडी चढावर घालू नका.

"समुद्र तरी आहे ना?"

"आहे की. सरांच्या मुलीच्या गच्चीवरून दिसतो, असं सर म्हणाले."

चैतालीने बॅगेत ठेवलेला मोठा टॉवेल बाहेर काढला, त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि पुन्हा आत ठेवला.

निघायच्या दिवशी सकाळी वॉचमन मल्हारी आणि बुद्धभूषण यांनी मिळून गाडी भरली. गोण्या अर्ध्या डिकीत आणि अर्ध्या मागच्या सीटवर आल्या. मशीनचं डोकं टपावर चढलं, पण तिचे लोखंडी पाय काही केल्या कॅरिअरवर बसेनात. ते पुढच्या सीटवर ठेवले आणि घसरू नयेत म्हणून त्यांना पट्टा लावला. आत्या पहाटेच रिक्षाने येऊन पोचल्या होत्या. गोधडीचं गाठोडं, पापडाचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन त्या गोण्यांशेजारी बसल्या. गाडीची मागची चाकं दबली होती आणि बोनेट जरा वर उचललं गेलं होतं.

मल्हारीने दोरीची शेवटची गाठ मारली, चारी बाजूंनी फिरून बघितलं आणि विचारलं, "सर, मॅडम कुठं बसतील?"

चैताली बॅग घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी होती. बुद्धभूषणने गाडीच्या आत बघितलं. मागे आत्या होत्या, कांदे होते. पुढे पट्टा लावून मशीनचे पाय बसले होते. ड्रायव्हरच्या जागेपलीकडे बोट ठेवायला जागा नव्हती. एवढी तयारी झाली, दोरी घरातली सगळी संपली, पण ही गोष्ट काही त्याच्या डोक्यात आली नव्हती.

चैताली चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती चिडली नाही. सोसायटीच्या बाकावर जाऊन बसली, बॅग शेजारी ठेवली आणि हात पुढे केला.

"तुमचा फोन द्या."

आधी तिने बोईसरला लावला. लताताईंच्या भावाला तिने अगदी गोड आवाजात सांगितलं की मशीन घेऊन निघतोय, आम्ही तिघं आहोत, आता एवढ्या लांब येतोच आहोत तर दोन दिवस मुक्कामच करू. बुद्धभूषणला ऐकू यावं म्हणून तिने फोन स्पीकरवर ठेवला होता. तो भाऊ म्हणाला की त्याने विजेवर चालणारी मशीन कधीच घेतली आहे, ही जुनी नको म्हणून ताईला किती वेळा सांगितलं, पण तिला बाल्कनी मोकळी करायची आहे. कृपा करून आणू नका.

मग अलिबाग. इथे तिने मुक्काम वाढवून तीन दिवसांचा केला. सरांची मुलगी मुक्कामाबद्दल काहीच बोलली नाही, पण कांद्याचं नाव ऐकताच तिचा आवाज रडवेला झाला. बाबा जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाबरोबर कांदे पाठवतात, मागच्या गोणीला गच्चीवर हातभर पात आली आहे, घरात तर दोनच माणसं, ती म्हणाली. "तुम्ही ते कुणालाही देऊन टाका. मी बाबांना मिळाले म्हणून सांगते."

बुद्धभूषण थक्क होऊन बघत होता. 'नाही' न म्हणता ही बाई एकेक ओझं उतरवत चालली होती. मल्हारीने न सांगता दोरी सोडायला सुरुवात केली होती. चैतालीलाही आता हुरूप आला. तिसरा फोन तिने डहाणूला लावला आणि योगिनीला सांगितलं की आम्ही तिघं येतोय, चार-पाच दिवस राहू, आणि बरोबर दोन गोण्या कांदे आहेत, ते तुमच्याच हॉलमध्ये ठेवू.

"अय्या वहिनी," योगिनी घाईघाईने म्हणाली, "आम्ही नेमके आजच बाहेरगावी चाललोय. आठवडाभर. घराला कुलूप असणार. आईला सांग ना, पुढच्या वेळी नक्की."

चैतालीने हसत फोन बंद केला आणि वर बघितलं. मग तिचं हसू मावळलं. गाडीची मागची काच पूर्ण खाली होती. आत्यांनी सगळं ऐकलं होतं.

गोण्यांच्या फटीतून त्यांनी आधी पापडाचा डबा बाहेर काढला, मग गाठोडं, मग पाय बाहेर टाकून स्वतः उतरल्या. लुगड्याला लागलेली कांद्याची सालं झटकली.

"कामं असतात लेकरांना," त्या म्हणाल्या. "मल्हारीभाऊ, रिक्षा मिळंल का?"

चैतालीला फोन कुठे ठेवावा कळेना. योगिनी काही वाईट मुलगी नव्हती. आई एकटी येणार म्हटलं असतं तर स्टेशनवर घ्यायला आली असती. तिला घाबरवलं होतं ते तीन माणसांनी आणि दोन गोण्यांनी, आणि ते सगळं चैतालीने आपल्या तोंडाने सांगितलं होतं.

बुद्धभूषणला मात्र यातलं काही उमगलं नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की मार्ग मोकळा झाला आहे आणि बायकोने इतकं केल्यावर शेवटचा भार आपणच उचलायला हवा. त्याने घसा खाकरला.

"आत्या, तुम्हाला आता नाही नेता येणार," तो म्हणाला. शब्द तोंडातून बाहेर पडला खरा, पण पडताना त्याचा स्वतःचाच चेहरा लाल झाला. "रिक्षा कशाला, मीच घरी सोडतो."

"कुणाला विचारून?" चैताली म्हणाली.

"अगं, तुलाच तर दोघंच..."

"तुम्ही गप्प बसा." ती आत्यांकडे वळली. "आत्या, डहाणूला इतक्या वेळा गेलात, समुद्र बघितलाय का?"

आत्यांनी जरा विचार केला. "योगिनीच्या घरून नाय दिसत. मधी बिल्डिंगी हायेत."

"मग बसा गाडीत."

"अगं पण, वळणं..."

"मागे बसलं की वळणं लागतात. तुम्ही पुढे बसा."

त्यानंतरची उतराउतर मल्हारीने एकट्याने केली म्हटलं तरी चालेल. लताताईंना मशीन परत घरात घ्यायला लावणं सोपं नव्हतं. भावाचं नाव ऐकून त्या आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग तो लहानपणापासून असाच आहे म्हणाल्या. चैतालीने मशीनसोबत एक गोणी कांदे दिले तेव्हा त्यांनी बाल्कनीचं दार उघडलं. दुसरी गोणी मल्हारीने सगळ्या सोसायटीत वाटली. कॅरिअर जिन्याखाली गेलं. गाडी हळूहळू आपल्या मूळ उंचीवर आली.

आणि ती सुरगाण्याच्याच रस्त्याने निघाली. पहिल्या घाटात बुद्धभूषणने दर वळणाला आत्यांकडे चोरून बघितलं. आत्या दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत होत्या. समोरून माणसांनी लगडलेली जीप आली तर "बाजूला घे रं, बाजूला घे" म्हणत होत्या. वळणं त्यांना लागलीच नाहीत. लागली ती चैतालीला. पण तिने ते कबूल केलं नाही. मागच्या अख्ख्या सीटवर पाय पसरून, आत्यांची गोधडी अंगावर घेऊन ती आडवी झाली आणि जंगल तिने बरंचसं झाडांच्या शेंड्यांवरूनच पाहिलं. तेही पुष्कळ होतं. मुक्कामाच्या घरी आत्यांनी परक्या चुलीशी बसून नागलीच्या भाकरी थापल्या आणि ही नवराबायको संध्याकाळभर सागाच्या रानात हिंडून आली. परत आली तेव्हा बोलण्यासारखं संपलं होतं आणि तरी दोघं खुशीत होती.

तिथून गुजरातच्या हद्दीतून वळसा घेत ते बोर्डीला उतरले. डहाणू थोडं पुढे राहिलं. मुद्दाम तिकडे जायचं नाही, आत्यांना वाईट वाटेल, असं चैतालीनेच ठरवलं होतं. एका चिकूच्या बागेत दोन खोल्या मिळाल्या. ऊन कलल्यावर तिघं समुद्रावर गेली. ओहोटी होती, पाणी लांबवर मागे गेलं होतं आणि ओली वाळू आरशासारखी चमकत होती. आत्या थोड्या अलीकडेच थांबल्या.

"तुम्ही जा दोघं. मी चपला बघते," त्या म्हणाल्या.

बुद्धभूषण आणि चैताली पाण्याकडे चालू लागली. घोट्याएवढं पाणी आलं, मग गुडघ्याएवढं. बुद्धभूषण भरती-ओहोटीचं कारण सांगायला लागला, तेव्हा चैतालीने त्याचा हात धरला आणि तो मध्येच थांबला. बराच वेळ दोघं तशीच उभी होती. मग चैतालीने सहज मागे वळून बघितलं. आत्यांसमोर दोन माणसं उभी होती. एकाच्या हातात बर्फाचा गोळा होता. दुसरीने डोक्यावर मोठी गवती हॅट घातली होती, पण तेवढ्या लांबूनही ती योगिनी आहे हे कळत होतं.

झालं होतं ते इतकंच. बाहेरगावी जातोय असं सांगून बसल्यावर योगिनीच्या नवऱ्याला भीती वाटली की सासूबाई शेजारच्यांना फोन करून विचारतील. मग खरंच घराला कुलूप लावून निघावं लागलं. फार लांब जायची तयारी नव्हती, म्हणून ती दोघं जवळच बोर्डीला येऊन राहिली होती.

चैताली आणि बुद्धभूषण धावत परत आली तेव्हा योगिनी काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती. आम्ही निघालोच होतो, पण मग इथपर्यंत आलो, आणि मग इथेच, असं ते चाललं होतं. नवऱ्याच्या हातातला गोळा वितळून कोपरापर्यंत लाल ओघळ आला होता. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट ओळखीचं माणूस अचानक भेटल्यासारखा आनंद होता.

"आई, तू उद्या घरी चल," योगिनी शेवटी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "चार दिवस राहा. आम्हीच नेतो तुला. वहिनी, सांग ना हिला."

चैताली काही बोलणार, तोच आत्यांनी हात वर केला.

"उद्या नाय जमायचं," त्या म्हणाल्या. "उद्या आमचा डोंगर हाय."

"अगं, पण आई..."

"आता आलीच हायेस तर बस जरा." आत्यांनी लुगडं घोट्याच्या वर खोचलं, पायातल्या चपला काढून बाकीच्यांच्या रांगेत नीट लावल्या आणि चैतालीचा हात धरला. "ह्या चपलांकडं बघ. मी पाण्यात जाऊन येते."